आमच्या घरात कुणीच अरबट-चरबट खात नाही, मग १५ वर्षांची मुलगी जेवण सोडून रात्री चिप्स-मॅगी खायला कुठून शिकली?

"घरात कुणीच खात नाही" हे वाचलं आणि राहवलं नाही. आमच्याकडं हेच वाक्य दोन वर्षं चाललं होतं.

आम्ही लातूरचे. पोरगा अकरावीला गेला तसा डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेचा क्लास लावला. दर रविवारी पेपर, संध्याकाळी मार्कांची यादी फोनवर. आमच्या ह्यांना ती बघायला नेमकी जेवायची वेळ सापडायची. पोरानं येसराच्या आमटीत भाकरी कुस्करली की ह्यांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलंच, "७२० पैकी किती?" त्याचा हात तिथंच थांबायचा. मग बायोत किती गेले, शेजारच्या पोराला किती. तोवर आमटीवर तेलाचा थर धरायचा. "भूक नाही" म्हणून उठायचा, आणि रात्री अकराला स्वयंपाकघरात पातेलं वाजायचं.

दिवाळीच्या झाडलोटीत कॉटखाली मॅगीची रिकामी पाकिटं निघाली, पुस्तकांच्या खोक्यात घड्या घालून रचलेली. मोजली, एकतीस. हे म्हणाले, मोबाइलचा परिणाम. आत्याबाई म्हणाल्या, सुनेच्या हाताला चव नाही. (माझ्याच हातचं येसर लेकीकडं बांधून नेतात, असो.) पाकिटं आली कुठून? आमचंच किराणा दुकान! हे स्वतः रोज सातला गल्ल्यावर बसून फरसाण खायचे, घरी येईस्तोवर भूक मेलेली, मग ताटावर बसून करणार काय? मार्क विचारणार. म्हणजे घरात कुणी खात नव्हतं हे खरंच होतं. दुकानात खायचे.

मी पोराचं ताट साडेसातलाच माझ्यासोबत वाढायला लागले. आठ-दहा दिवसांत दीड भाकरी खायला लागला. मॅगी सुटली असं नाही, रविवारी अजून करतो. करू दे.

तर तुमची मुलगी शिकली कुठून ते मला काय माहीत. पण ताटावर काय बोलणं चालतं, आणि घरातलं कोण बाहेर काय खाऊन येतं, ते आधी बघा. पाकिटं माळ्यावर लपवू नका, पोरांना जागा कळतात.

एक राहिलंच, माझा अनुभव पोराचा आहे. मुलगी सगळ्यांना वाढून मागून उरलंसुरलं खात असेल तर आधी ते बंद करा. हिमोग्लोबिनही तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींत ५९ टक्के जणींना रक्तक्षय निघाला होता. जेवल्याबरोबर चहा देऊ नका, लोह अंगी लागत नाही. वजन उतरत असेल तर मात्र माझं ऐकत बसू नका, डॉक्टरला दाखवा.

ह्यांना अजून पटलेलं नाही. परवा धाकटीला ताटावरच गणिताचे मार्क विचारले. मी त्यांची दुसरी भाकरी टोपल्यातच ठेवली.