एकाच संघात राहून वर्ल्ड सिरीज न जिंकलेल्या बेसबॉल आउटफिल्डरला यशस्वी म्हणावे का?

अवश्य म्हणावे. वर्ल्ड सिरीज म्हणजे अमेरिकन बेसबॉलची अंतिम विजेतेपदाची मालिका आणि आउटफिल्डर म्हणजे मैदानाच्या सीमेकडच्या भागातला क्षेत्ररक्षक. बोस्टन रेड सॉक्सच्या कार्ल यास्त्रेम्स्कीची, म्हणजे यॅझची, कारकीर्द पाहिलेल्या माणसाला याबद्दल शंका वाटू नये.

२ ऑक्टोबर १९७८ रोजी मी बोस्टनमध्ये विद्यार्थी होतो. १६२ सामन्यांनंतर रेड सॉक्स आणि न्यूयॉर्क यांकीज बरोबरीत राहिल्यामुळे बोस्टनच्या फेनवे पार्क मैदानावर एक निर्णायक जादा सामना झाला, तो मी टीव्हीवर पाहिला. त्या हंगामात केवळ तीन सामने हरलेल्या यांकीजच्या गोलंदाज (पिचर) रॉन गिड्रीच्या चेंडूवर ३९ वर्षांच्या यॅझने दुसऱ्याच इनिंगमध्ये होम रन मारला, म्हणजे चेंडू मैदानाबाहेर धाडून धाव काढली. मात्र नवव्या म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये ४-५ अशी पिछाडी, तीनपैकी दोन बाद आणि बरोबरीची धाव काढू शकणारा खेळाडू तिसऱ्या बेसवर, म्हणजे धाव पूर्ण होण्याआधीच्या शेवटच्या थांब्यावर, असताना त्याने उंच उडवलेला चेंडू यांकीजच्या ग्रेग नेटल्सने झेलला आणि सगळे संपले.

त्या रात्री न्यू जर्सीहून दादाचा फोन आला. "अठरा वर्षं एकाच जागी चिकटून काय मिळालं रे तुझ्या यॅझला?" दादाने तोवर तीन नोकऱ्या बदलल्या होत्या. पुढे मी एकाच कंपनीत ३१ वर्षे काढली आणि विभाग बंद करताना तिने मला सहा आठवड्यांची नोटीस दिली, तेव्हाही त्याने तोच प्रश्न विचारला.

यॅझला काय मिळाले ते सांगतो. रेड सॉक्सचा थोर फलंदाज टेड विल्यम्स निवृत्त झाल्यावर त्याची जागा यॅझला मिळाली. फेनवे पार्कच्या लेफ्ट फील्डमधील (मैदानाच्या डाव्या भागातील) ३७ फूट उंच भिंतीवर आदळलेला चेंडू कुठे आणि किती उसळेल, हे त्याला इतके पक्के ठाऊक झाले की धावपटू पुढच्या बेसकडे जाण्याआधी विचार करत. हे ज्ञान दुसऱ्या मैदानावर नेता येत नाही. १९६६ मध्ये दहांत नववा आलेला संघ १९६७ मध्ये त्याने वर्ल्ड सिरीजपर्यंत नेला, त्या हंगामात .३२६ फलंदाजी सरासरी, ४४ होम रन आणि १२१ आरबीआय (त्याच्या फटक्यांमुळे संघाला मिळालेल्या धावा) अशी ट्रिपल क्राउन, म्हणजे तिन्हींत लीगमध्ये अव्वल, कामगिरी त्याने केली. एकाच संघासाठी त्याच्याइतके, म्हणजे ३,३०८ सामने कोणीच खेळलेले नाही.

आपण स्वतः जागा बदलण्याच्या विचारात असाल, तर आपल्याला त्या जागेची जी जाण आली आहे, ती सोडून जाण्याची किंमत आधी मोजा.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे, की १९७५ अखेरच्या लवादाच्या निकालापर्यंत खेळाडूला स्वेच्छेने संघ सोडताच येत नसे, त्यामुळे आधीच्या वर्षांना निष्ठा म्हणणे पूर्णपणे योग्य नाही. परंतु दार उघडल्यानंतरही तो १९८३ पर्यंत आणखी आठ हंगाम बोस्टनकडूनच खेळला, आणि निदान ते आठ हंगाम तरी दादाने त्याच्या खात्यावर जमा धरावेत.