भारत कोळसा सोडून सौर-पवन ऊर्जेवर गेला तर वीज खरंच स्वस्त होईल का? आणि नाही झाली तर भुर्दंड कुणाला?

दुपारची वीज स्वस्त झालेलीच आहे. संध्याकाळची नाही. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर एवढंच आहे, पण उरलेलं निम्मं जास्त किचकट आहे.

मी इंदूरचा. वीज वितरणाच्या नोकरीत आयुष्य गेलं, त्यामुळे विजेकडे बघायची सवय थोडी बिलाच्या अंगानं आहे. २०१७ साली आमच्याच राज्यात रीवाच्या ७५० मेगावॉट सोलर पार्कचा लिलाव झाला आणि पहिल्या वर्षाचा भाव युनिटला २ रुपये ९७ पैसे निघाला. कोळशाच्या नव्या प्लांटची वीज तेव्हाही याहून महाग पडत होती. त्यामुळे ‘सोलर परवडत नाही’ असं कुणी आज म्हणत असेल तर तो जुन्या काळातलं बोलतोय.

जून २०२५ अखेर देशाच्या स्थापित क्षमतेचा निम्मा वाटा कोळसा-गॅस सोडून इतर स्रोतांचा झाला, हेही खरं. पण स्थापित क्षमता म्हणजे पाटीवरचा आकडा. शंभर मेगावॉटचं सोलर रात्र आणि ढग धरून वर्षाच्या सरासरीनं वीस-पंचवीसच देतं. म्हणून प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळसा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. आमच्या इंदूरच्या सराफा बाजारात रात्री सोन्याची दुकानं बंद होऊन भुट्ट्याचा कीस आणि गराडू (तळलेला कंद) खाणाऱ्यांची गर्दी सुरू होते, त्या वेळेला देशातलं एकही पॅनल एक युनिटसुद्धा देत नसतं. पावसाळ्यात देवासजवळच्या जामगोदरानीच्या टेकड्यांवरच्या पवनचक्क्या रात्रीही जोरात फिरतात, तो काळ बरा. थंडीत वारा पडतो, आणि मध्य प्रदेशात विजेची सर्वात जास्त मागणी नेमकी तेव्हाच असते, कारण रब्बीच्या गव्हाला पाणी द्यायचं असतं.

मग संध्याकाळ कोण सांभाळतं? खंडवा जिल्ह्यातलं २५२० मेगावॉटचं सिंगाजी आणि त्याच्यासारखी इतर औष्णिक केंद्रं. ती दुपारी नको असली तरी बंद करता येत नाहीत. बॉयलर ही काही गॅसची शेगडी नव्हे, की दुपारी विझवली आणि सहाला पेटवली. म्हणून दुपारभर कमी लोडवर चालवत ठेवायची. सध्या ५५ टक्क्यांपर्यंत खाली आणण्याचा नियम आहे, पुढे टप्प्याटप्प्यानं ४० पर्यंत आणायचंय. असं रोज खालीवर केलं की युनिटमागे कोळसा जास्त जळतो आणि यंत्रंही लवकर झिजतात. शिवाय वीज खरेदीचे करार पंचवीस-पंचवीस वर्षांचे. वीज उचलली नाही तरी फिक्स चार्ज द्यावाच लागतो. सोलरचं युनिट स्वस्त, पण त्याच्या पाठीशी उभ्या असलेल्या प्लांटचं भाडं वेगळं. ते टेंडरच्या भावात दिसत नाही, बिलात दिसतं.

आता भुर्दंड. माझ्या छतावर तीन किलोवॉटचं सोलर आहे. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजार रुपये सबसिडी मिळते. नेट मीटर असल्यामुळे दुपारी मी ग्रिडला दिलेलं युनिट संध्याकाळी घेतलेल्या युनिटातून वजा होतं, एकास एक. व्यवहार म्हणून बघा: ज्या वेळी कुणाला फारशी नको, त्या वेळची वीज मी देतो आणि सर्वात महाग वेळची घेतो, त्याच भावानं. तारा, ट्रान्सफॉर्मर, लाइनमन हा सगळा खर्च तसाच राहतो आणि तो उरलेल्या गिऱ्हाइकांवर पसरतो. त्यात रामबागेच्या जुन्या वाड्यात एका खोलीत राहणारा भाडेकरूही आला; त्याला छतच नाही. मी हे पॅनल काढणार नाही, आणि तुम्हाला जागा असेल तर तुम्हीही बसवा. पण याला फुकट वीज म्हणू नये.

भावापेक्षा मोठी किंमत काहींनी आधीच मोजलीय. २०१९ पासून मोठी जलविद्युतही आपल्याकडे नवीकरणीय ऊर्जेत धरतात. म्हणजे इंदिरा सागरचे १००० मेगावॉट हिरव्या रकान्यात आले, आणि त्या धरणासाठी २००४ साली हरसूद हे अख्खं गाव उठवलं गेलं. इंदूरहून खंडव्याकडे नातेवाईक असलेल्या कितीतरी घरांत हरसूदचं कुणीतरी भेटतं. यावर लगेच कोळशाची बाजू घेऊ नका: सिंगरौलीत खाण वाढवायची म्हणून मोरवा हे गावही उठवलं जातंय. उठणारे दोन्हीकडे आहेत. सोलरनं निदान बुडीत क्षेत्र लागत नाही, माळरान लागतं. मात्र त्या माळरानावर कुणाची गुरं चरत होती हे सातबाऱ्यावर (आमच्याकडे खसऱ्यावर) लिहिलेलं नसतं.

अजून एक गोष्ट, जिच्याकडे फार कुणी बघत नाही. रेल्वेच्या मालवाहतुकीत वजनानं जवळपास निम्मा कोळसाच असतो, आणि मालवाहतुकीच्या कमाईतूनच प्रवासी तिकिटांचा तोटा भरून निघतो. कोळसा कमी झाला की जनरल डब्याचं तिकीट कुठून स्वस्त ठेवणार, याचं उत्तर ऊर्जा खात्याकडे नाही.

माझ्या मते पहिला स्वस्त उपाय म्हणजे मागणीच दुपारी सरकवणं. इंदूर नर्मदेचं पाणी सत्तरेक किलोमीटरवरच्या जलूदहून विंध्याच्या उंचीवर चढवून पितं, आणि पंपांचं बिल दरमहा कोटींत जातं. त्यासाठीच महापालिकेनं फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बाँड (पर्यावरणपूरक कामासाठीचे कर्जरोखे) काढून ६० मेगावॉट सोलरचा प्रकल्प हाती घेतला. पंपाचं बरं असतं, दुपारी टाकी भरून ठेवता येते. शेतीच्या फीडरचंही (शेतीपंपांना वीज नेणाऱ्या वेगळ्या लाइनचंही) तसंच. शेतीपंपांना सौर वीज देण्याच्या केंद्राच्या पीएम-कुसुम योजनेतून फीडर सोलरवर आला की माळव्यातल्या शेतकऱ्याला जानेवारीच्या रात्री दोन वाजता मोटर चालू करायला जावं लागणार नाही. हा फायदा कुठल्याच टेंडरच्या भावात धरत नाहीत.

उरलेल्या रात्रीसाठी बॅटरी. २०२५ मध्ये आमच्याच राज्यातल्या मुरैनाच्या सोलर-अधिक-बॅटरी प्रकल्पाला युनिटमागे २ रुपये ७० पैसे भाव आला, सर्वात जास्त मागणीच्या (पीक) तासांच्या पुरवठ्यासकट. आकडा मोठा उमेद देणारा आहे. फक्त बॅटरीचे सेल आज बहुतांश चीनमधून येतात, आणि कोळसा मात्र सिंगरौलीतून येत होता.