शाळेच्या ग्रंथालयात क्यूआर कोड लावले तर मुलं खरंच वाचायला लागतात का?

लागतात, पण कोड उघडल्यावर मुलाला काय मिळतं यावर सगळं आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, ग्रंथालयही माझ्याकडेच आहे.

आपल्या मुलांना कोडचं अप्रूप नाही. परितेवाडीच्या (ता. माढा) रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, आणि बालभारतीच्या पुस्तकांतले कोड मुलं दीक्षा ॲपवर उघडतातच. पण तिथे कोड धडा समजावून देतो. ग्रंथालयातल्या कोडने उत्सुकता लावून गप्प बसायचं असतं. म्हणून तिथे सारांश ठेवू नका, प्रश्नमंजूषा तर नकोच. गोष्ट कळली की पुस्तक कपाटातच राहतं.

आमच्याकडे सगळ्यात चाललं ते मुलांच्याच वाचनाचं रेकॉर्डिंग. सातवीतल्या एखाद्या मुलीने आवडता उतारा मोठ्याने वाचायचा आणि ऐन रंगात आला की थांबायचं. मिनिटभर पुरे. धाकटी मुलं ओळखीचा आवाज म्हणून कान देऊन ऐकतात, आणि पुढे काय झालं ते कळावं म्हणून पुस्तक नावावर टाकायला येतात. शिवाय रेकॉर्डिंग आहे म्हटल्यावर वाचणारी मुलगी तो उतारा घरी पुन्हा पुन्हा वाचून येते. मला तर हा फायदा जास्त मोलाचा वाटतो. पालकांना आधी विचारा, आणि रेकॉर्डिंगमध्ये मुलाचं पूर्ण नाव येऊ देऊ नका. अख्खी गोष्ट वाचायची असेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर खुल्या परवान्याच्या मराठी गोष्टी आहेत.

मुलांच्या हातात फोन द्यायची गरज नाही, शाळेचा एक टॅब पुरतो. रेंज नसेल तर लिंकऐवजी मजकूरच कोडमध्ये भरा, तो नेटशिवाय दिसतो. मात्र एका कोडमध्ये जास्तीत जास्त २,९५३ बाइट मावतात, आणि देवनागरीत अक्षर, काना, मात्रा प्रत्येकी ३ बाइट खातात. कोड दाट झाला की साधा कॅमेरा अडखळतो, म्हणून दोन-तीन वाक्यांवर थांबा.

कोड 'स्टॅटिक' प्रकारचाच बनवा, म्हणजे लिंक किंवा मजकूर थेट कोडमध्येच असतो. 'डायनॅमिक' कोड आधी बनवणाऱ्या साइटवर नेतो, आणि काही साइटवरचे असे फुकट कोड मुदत संपली की बंद पडतात. कोड बनवताना एरर करेक्शन (खराब झालेला भाग भरून काढायची सोय) 'एच' पातळीवर ठेवलं तर साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड चालतो. मुलांच्या हाताळणीत हे लागतंच. गूगल ड्राइव्हवर फाइल ठेवलीत तर लिंक असलेल्या कुणालाही ती उघडेल अशी परवानगी द्या, नाहीतर टॅब लॉगिन मागत बसतो. आणि कोड पुस्तकाच्या पुट्ठ्यावर आतून चिकटवा, म्हणजे त्यासाठी पुस्तक निदान उघडावं लागतं.

सगळ्या पुस्तकांना एकदम कोड लावू नका. देवघेव रजिस्टर काढा, कित्येक वर्षांत कुणीच न नेलेली चांगली पुस्तकं निवडा आणि तिथून सुरुवात करा. ती बाहेर जायला लागली की नाही, हे त्याच रजिस्टरात दिसेल.