वाचकांचे प्रश्न : पिकअप लेव्हल केली, आता टायर केवढा?

प्रश्न : आमच्याकडे २०१८ची फोर्ड एफ-१५० आहे, फोर बाय फोर. कंपनीची चाकं १८ इंची आणि टायर २७५/६५ आर १८. पुढच्या बाजूला दोन इंचांचं लेव्हलिंग किट टाकायचं ठरलं आहे. त्यासोबत मोठी चाकंही घ्यायची आहेत. दुकानदार म्हणतो, लेव्हल केल्यावर ३५ इंची व्यासाचे टायर बिनधास्त बसतील. खरंच बसतील का? आणि रिम कोणती घ्यावी?
– एक वाचक, केरी (नॉर्थ कॅरोलायना)

उत्तर : बसतील, पण बिनधास्त नाही. लेव्हलिंगमुळे (पुढची बाजू उचलून मागच्या बरोबरीला आणल्यामुळे) गाडीचं नाक वर जातं, म्हणजे टायर आणि मडगार्ड यांच्यामधलं उभं अंतर वाढतं. टायर घासतो मात्र बहुतेक वेळा स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर, पुढे बंपरच्या खालच्या कोपऱ्याला नाहीतर मागे चाकाच्या खोबणीतल्या प्लास्टिकला. ही आडवी जागा किटने जवळजवळ वाढत नाही. ती ठरते टायरचा व्यास, रुंदी आणि रिमचा ऑफसेट यांवर. ऑफसेट म्हणजे रिम हबला (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) जिथे टेकते ती जागा रिमच्या मध्यापासून किती बाहेर (अधिक) किंवा किती आत (उणे) आहे, ते माप. त्यातही ऑफसेटकडे सर्वात कमी लक्ष दिलं जातं आणि सर्वात जास्त घोळ तिथेच होतो.

तुमच्या मूळ रिमची रुंदी ७.५ इंच आणि ऑफसेट अधिक ४४ मिलिमीटर आहे. नव्या रिमचा ऑफसेट जेवढे मिलिमीटर कमी, तेवढा टायरचा मध्य बाहेर सरकतो. अधिक १८ची रिम घेतली तर २६ मिलिमीटर, उणे १२ची घेतली तर तब्बल ५६. टायर बाहेर गेला की आतल्या अप्पर कंट्रोल आर्मला (चाकाला वरून धरणारा सस्पेन्शनचा दांडा) घासत नाही हे खरं. पण वळताना तोच टायर मोठ्या कमानीत फिरतो आणि बंपरला जाऊन भिडतो. शिवाय चाक हबपासून जितकं लांब, तितका बेअरिंग आणि बॉल जॉइंटवर ताण जास्त. उणे ऑफसेटच्या रिम दिसायला रुबाबदार असतात, पण रोजच्या वापराच्या लेव्हल केलेल्या गाडीवर त्या घालू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे.

आमची शिफारस एलटी (हलक्या ट्रकसाठीचा मजबूत टायर) २७५/७० आर १८, म्हणजे रुंदी २७५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के, रिम १८ इंची. मूळ टायरचा व्यास ८१५ मिलिमीटर, याचा ८४२, म्हणजे ३३.२ इंच. त्रिज्या १४ मिलिमीटरनेच वाढते आणि रुंदी तीच राहते. हा टायर मूळ रिमवरही बसतो; आधी तसंच चालवून पाहा, नव्या रिमचे पैसे कदाचित वाचतील. नवी रिम हवीच असेल तर १८ बाय ८.५, ऑफसेट अधिक २० ते अधिक ३५च्या दरम्यान. या टायरला ७ ते ८.५ इंच रुंदीचीच रिम चालते, त्यामुळे सगळीकडे दिसणारी ९ इंची रिम याच्यासाठी घेऊ नका. रिम घेताना बोल्टची मांडणी ६ बाय १३५, हबचं भोक ८७.१ मिलिमीटर आणि नटाचा आटा एम १४ बाय १.५ हे तिन्ही जुळवून घ्या. बाजारातल्या रिमचं भोक बरेचदा मोठं असतं. मग मधे ८७.१च्या मापाची सेंटरिंग रिंग लागते, नाहीतर ताशी ६० मैलांच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि दोष विनाकारण बॅलन्सिंगला दिला जातो.

३५ बाय १२.५०च (व्यास आणि रुंदी, इंचांत) घ्यायचे असतील तर हिशेब असा. त्रिज्या ३७ मिलिमीटरने वाढते, रुंदी दोन्ही बाजूंना २१-२१ने. बंपरखालची प्लास्टिकची पट्टी काढावी लागेल, खोबणीतलं मागचं प्लास्टिक (लायनर) हीट गनने तापवून मागे दाबावं लागेल किंवा कापावं लागेल, आणि एवढं करूनही खड्ड्यात वळताना घासण्याची शक्यता उरते. ३.५५चा अॅक्सल रेशो (चाकाच्या एका फेरीला ड्राइव्हशाफ्टच्या किती फेऱ्या) प्रत्यक्षात ३.२५सारखा वागायला लागतो. चढावर आणि ट्रेलर ओढताना हे लगेच जाणवतं.

आता किट बसवताना. स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बरचा जोड) वर बसणारा स्पेसर साधारण एक इंच जाडीचाच दिसेल. कारखान्याने चूक केली असं समजू नका. स्ट्रट कंट्रोल आर्मवर चाकापेक्षा बराच आत टेकलेला असतो, त्यामुळे तिथला एक इंच चाकाशी जवळपास दोन इंच होतो. दोन इंचांच्या वर जाण्याचा मोह टाळा. अॅक्सलचे सांधे आणि वरचा बॉल जॉइंट तिरपे होतात आणि झिजही लवकर होते. काम सुरू करण्याआधी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. नंतर वाद होत नाही.

घरी करत असाल तर गाडी नुसत्या जॅकवर कधीच नको, घोड्या (जॅक स्टँड) लावा. स्ट्रटच्या माथ्यावर कडेला तीन नट असतात, तेवढेच सोडायचे. मधल्या मोठ्या नटाला हात लावायचा नाही, त्याच्याखाली दाबलेली स्प्रिंग आहे आणि ती जीव घेऊ शकते. नकल (हब ज्यावर बसवलेलं असतं तो भाग) खाली लटकू देऊ नका. एबीएसची वायर ताणली जाते आणि अॅक्सल हबमधून बाहेर ओढला जातो. या गाडीत पुढचं हब व्हॅक्यूमवर जोडलं-सोडलं जातं. अॅक्सल सरकला की त्याचे दाते नीट बसत नाहीत आणि चालताना करकर आवाज येतो. नकलला दोरीने किंवा दुसऱ्या जॅकने आधार द्या.

चाकं चढवल्यावर नट चांदणीच्या क्रमाने (एकाआड एक, समोरासमोरचे) १५० फूट-पौंडाला घट्ट करा आणि १०० मैलांच्या आत पुन्हा तपासा. अॅल्युमिनियमची नवी रिम बसताना किंचित दबते आणि नट सैल पडतात. मग मोकळ्या जागी स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून गाडी पुढे-मागे घ्या, एक चाक तिरपं करून फुटपाथच्या कडेवर चढवा. घासलं असेल तिथे प्लास्टिकवर चकाकी येते. टायरच्या खांद्यावर आधी खडू फासला तर जागा आणखी स्पष्ट कळते. त्यानंतर अलाइनमेंट. ती न करता आठवडाभरही फिरू नका. नाक उचललं की कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल), कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) आणि टो (चाकांची तोंडं आत की बाहेर) तिन्ही बदलतात. कॅस्टर कमी झाला तर हायवेवर गाडी भरकटते, टो बिघडला तर नव्या टायरची एकच कड खाल्ली जाते.

हवेचं गणित इथे बदलतं. दाराच्या चौकटीवरचे ३५ पीएसआय मूळ साध्या टायरसाठी आहेत. लोड रेंज ई (जास्त भार पेलणाऱ्या वर्गातल्या) एलटी टायरला तेवढंच वजन पेलायला जास्त हवा लागते. पूर्ण भाराला हा आकडा ४५ ते ५०च्या आसपास जातो. नेमका आकडा टायर कंपनीच्या भार-दाब तक्त्यातून घ्या. हवा कमी झाल्याची सूचना देणारा दिवा मात्र जुन्या ३५च्याच हिशेबाने लागतो, म्हणून महिन्यातून एकदा गेज लावून पाहा. नव्या रिममध्ये ३१५ मेगाहर्ट्झचे सेन्सर घालून घ्या.

२७५/७० टायरवर स्पीडोमीटर ३.४ टक्के कमी दाखवेल, म्हणजे काटा ६०वर असताना गाडी ६२ने धावत असेल (३५ इंचीला ६५ च्या वर). फोरस्कॅनसारख्या सॉफ्टवेअरने टायरचा घेर बदलून हे दुरुस्त होतं. मैलमीटरही तितकाच मागे पडतो, त्यामुळे मायलेज खूप घसरलंय असं वाटतं. आकड्यात आधी ३.४ टक्के वाढवा आणि मगच हळहळा. एलटी टायर मूळपेक्षा प्रत्येकी १० ते १५ पौंड जड असतो, तेव्हा थोडं मायलेज आणि थोडं ब्रेकिंग जाणारच. आणि हेडलाइट खाली करून घ्या, हे सगळे विसरतात. नाक दोन इंच उचललं की समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत थेट प्रकाश जातो.

नॉर्थ कॅरोलायनात डिसेंबर २०२१पासून पुढचं मडगार्ड मागच्यापेक्षा चार इंच किंवा जास्त उंच असणं बेकायदा आहे. तुमच्या किटने दोन्ही जेमतेम बरोबरीला येतील, त्यामुळे तो धोका नाही. पण ट्रेलर जोडल्यावर मागची बाजू खाली बसते. कंपनीने मागचा भाग मुळात उंच ठेवलेला असतो तो याचसाठी. वारंवार ओढत असाल तर लेव्हलिंग एक इंचावर थांबवा किंवा भार पुढे वाटून देणारी हिच (ट्रेलर जोडायचा सांधा) घ्या.

प्रश्न : नवी रिम परवडत नाही. मूळ रिममागे दोन इंचांचे व्हील स्पेसर लावले तर?
– एक वाचक, डॅलस

उत्तर : दोन इंच म्हणजे ५१ मिलिमीटर, म्हणजे गाडी वरच्यासारखीच एफ-१५० असेल तर तुमचा ऑफसेट उणे ७ झाला. वर सांगितलेले सगळे तोटे लागू, वर नटांचा आणखी एक संच सैल होण्याची भीती. सव्वा इंचाचा, हबवर नीट बसणारा, स्वतःचे बोल्ट असलेला स्पेसर चालून जातो. आधी तो टॉर्क रेंचने घट्ट करायचा, मग चाक. स्टडवर (हबमधून बाहेर आलेले बोल्ट) नुसत्या सरकवायच्या चकत्या कधीच नकोत. त्यांनी नटाला आटे पुरत नाहीत.

प्रश्न : नाशिकला इसुझू व्ही-क्रॉस आहे, टायर २५५/६० आर १८. लेव्हल करून मोठे टायर घालायचे आहेत. आरटीओची अडचण येईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : येऊ शकते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करायला मनाई करतं. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केलं. २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघातानंतर विमा कंपनीही बदलावर बोट ठेवते. त्यामुळे उंची वाढवायच्या फंदात आम्ही पडणार नाही.

टायरच बदलायचा असेल तर २६५/६० आर १८ बघा. टोयोटा हायलक्सच्या वरच्या मॉडेलला हेच माप येतं, त्यामुळे बाजारात सहज मिळतं. व्यास ७६३वरून ७७५ मिलिमीटर होतो, फरक दीड टक्का, किट न टाकता मूळ रिमवर बसतो. तरीही माप मूळ तपशिलाबाहेरचंच आहे, म्हणून विमा कंपनीला आधी लेखी विचारा. भारनिर्देशांक (टायर किती वजन पेलतो तो आकडा) मूळ टायरइतका किंवा जास्त हवा. पिकअपला एसयूव्हीचा हलका टायर मारून देणारे कमी नाहीत. आणि टायर चार नव्हे, पाच घ्या. स्टेपनी वेगळ्या व्यासाची असेल आणि ती मागे लावून फोर-व्हील चालू केलं, तर पुढचे-मागचे अॅक्सल वेगवेगळ्या वेगाने फिरू पाहतात आणि ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या अॅक्सलला ताकद वाटून देणारा गिअरबॉक्स) ताण अडकतो. घाटात पंक्चर झालं तर जुनी स्टेपनी लावून टू-व्हीलमध्येच, हळू खाली या.