भरतीला चित्र, ओहोटीला पायपीट

प्रश्न : आम्ही शेतीवाले. सोयाबीन निघालं की भाऊबीज करून सगळं घर, सासूबाईंसह, दापोलीकडे समुद्र पाहायला चाललं. आमच्यातल्या कोणीच तो पाहिलेला नाही. शाळेत मी इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षा दिली होती, आता पुन्हा वही उघडावीशी वाटते. पण दिरांनी रोजचे पाच-सहा पॉइंट लिहूनच ठेवले. एक दिवस निवांत चालायला न् चित्रं काढायला कसा मिळवू? आणि काढू काय? तिथं तर नुसतं पाणीच असणार!
— एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : ताई, दिरांशी वाद घालू नका, त्यांच्यापुढे घरातलं कॅलेंडर ठेवा. किनाऱ्यावरचा दिवस भरती-ओहोटी ठरवते आणि तिच्या वेळा तिथीवरून घरबसल्या काढता येतात. शुद्ध असो की वद्य, तिथीची पाऊणपट करा. जो आकडा येईल, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. भाऊबीज म्हणजे द्वितीया. ती करून निघालात, तर तिकडचा पहिला मोकळा दिवस चतुर्थीचा धरू. चारची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास भरती आणि त्याआधी सहा-सव्वासहा तास, सकाळी पावणेनऊला, ओहोटी. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होईल. पुढच्या दिवशी हेच सगळं पन्नासेक मिनिटं उशिरा.

झाला तुमचा दिवस! सकाळी साडेसातला चपला हातात घेऊन सगळ्यांनी मुरूडच्या किनाऱ्यावर चालायचं. ओहोटीची ओली वाळू घट्ट असते, सासूबाईंचाही पाय रुतणार नाही. बारीक खेकड्यांनी बिळाभोवती मांडलेली वाळूच्या गोळ्यांची नक्षी तिथेच बसून काढा, कारण भरती आली की ती पुसली जाते. पाणी चढायला लागल्यावर मात्र खडकांना वळसा घालून पलीकडे जायचं नाही, पोरांनी कितीही हट्ट केला तरी. मग जेवण, आणि दुपारी सुरूच्या झाडांच्या सावलीत वही. दिरांना हवे तर तेवढ्या वेळात दोन पॉइंट उरकू द्या.

काय काढायचं? घरची माणसं. क्षितिजाची रेघ नेहमी आपल्या डोळ्यांच्या उंचीवर येते. तुम्ही उभ्या असाल तर सपाट वाळूवर तुमच्याच उंचीचं माणूस जवळ असो की लांब, रेघ त्याच्या डोळ्यांवरूनच जाते, फक्त पाय वरखाली होतात. बसून काढाल तर तीच रेघ त्यांच्या कमरेच्या आसपास उतरते. आपल्याकडे तूर, पऱ्हाटी आणि धुऱ्यावरची झाडं मध्ये येतात, म्हणून ही रेघ अशी लख्ख दिसत नाही. आधी ती ओढा, मग माणसं टांगा. लाटांच्या नादी पहिल्या दिवशी लागू नका, हे माझं मत. लाट थांबत नाही आणि चित्र पांढऱ्या रंगाने बरबटतं.

संध्याकाळी हर्णै बंदर. मासळीचा लिलाव वाळूवरच भरतो, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. मोठ्या होड्या काठाला लागत नाहीत, म्हणून मासळी बैलगाडीतून बाहेर आणतात. आपली बंडी समुद्रात उतरलेली पाहून मुलं हरखतील! तुमच्या हाताला बैलाचं वशिंड न् जू सवयीचं असेल, तेव्हा तिथे न घाबरता पेन्सिल चालवा. फोर-बी, म्हणजे मऊ शिसाची, घ्या. होडीचा आकार मात्र फसवा असतो. पाण्यात टेकलेला भाग आधी काढा, नाक नंतर.

प्रश्न : आमच्याकडे उन्हाळ्यात जलरंग ब्रश उचलेपर्यंत वाळतात. समुद्राकाठी काय होतं?
— नववीतला विद्यार्थी, देवळी (जि. वर्धा)

उत्तर : नेमकं उलट. दमट हवेत कागद बराच वेळ ओला राहतो, त्यावर दुसरा हात मारलास तर चिखल होतो. एकाऐवजी दोन चित्रं सुरू कर, एक वाळेपर्यंत दुसरं. कागद जाड हवा, आणि वाऱ्यासाठी चारही कोपऱ्यांना कपडे वाळत घालायचे चिमटे. रंगात समुद्राचं पाणी घेऊ नको, वाळल्यावर मीठ कागदावर उरतं. बाटलीतलं गोडं पाणी घे.