वाचकांचे कायदेविषयक प्रश्न : शेतातली एटीव्ही आणि गावचा रस्ता

प्रश्न : सिमरोलजवळ आमची थोडी शेती आहे. माझ्या भाच्याने तिथे फिरण्यासाठी ११० सीसीची जुनी एटीव्ही, म्हणजे जाड टायरांची चारचाकी बाईक, विकत घेतली. हे वाहन रस्त्यासाठी नसल्यामुळे त्याला नंबर, विमा, लायसन्स काहीही लागत नाही, असे विकणाऱ्याने सांगितले. आमच्या शेताचे दोन तुकडे असून मधून गावचा रस्ता जातो. तो ओलांडून गाडी पलीकडे न्यावी लागते. सुट्टीत माझा १५ वर्षांचा नातूही ती चालवतो. गावातल्या एका गृहस्थांनी आता हरकत घेतली आहे. आमचे चुकते आहे का?
— एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : विकणाऱ्याचे म्हणणे अर्धे खरे आहे आणि त्या अर्ध्यातूनच आपली अडचण उभी राहिली आहे. वाहन ‘रस्त्यासाठी नाही’ याचा अर्थ ते रस्त्यावर आणता येत नाही, एवढाच होतो. रस्त्यावर आणले तरी त्याला कायदा लागू नाही, असा अर्थ त्यातून मुळीच निघत नाही.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २(२८) मधील ‘मोटार वाहन’ या शब्दाच्या व्याख्येतून कारखान्यात किंवा इतर बंदिस्त आवारात वापरण्यासाठीच खास बनवलेली वाहने वगळली आहेत. पीथमपूरला बाहा स्पर्धेत अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः बांधलेल्या एटीव्ही चालवतात, त्या आखून दिलेल्या मैदानावर धावतात. असा वापर डोळ्यांपुढे ठेवला म्हणजे ‘बंदिस्त आवार’ या शब्दांचा रोख लक्षात येतो. मात्र २००१ साली बोस अब्राहम यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले, की रस्त्यावर चालण्याजोगे वाहन केवळ आवाराच्या आत वापरले जाते म्हणून व्याख्येबाहेर जात नाही. ते प्रकरण उत्खनन यंत्रे आणि रोड रोलर यांचे होते, पण त्यातला तर्क एटीव्हीच्या मालकानेही गांभीर्याने घ्यावा असा आहे. तेव्हा ‘आमच्या शेतात काहीही चालते’ या समजुतीवर विसंबू नये, विशेषतः शेताला चारी बाजूंनी कुंपण नसेल तर. कलम ३९ मध्ये नोंदणीची अट ‘सार्वजनिक ठिकाणी किंवा इतर कोणत्याही ठिकाणी’ अशा शब्दांत घातलेली आहे, हेही आपल्याला विकणाऱ्याने सांगितलेले दिसत नाही.

याच व्याख्येतली २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाची सवलत आपल्या कामाची नाही, कारण ती चारपेक्षा कमी चाकांच्या वाहनांना आहे.

आता रस्त्याकडे वळू. लोकांना ये-जा करण्याचा हक्क आहे अशी कोणतीही वाट, मग ती डांबरी असो की मातीची गाडवाट, कलम २(३४) प्रमाणे सार्वजनिक ठिकाण ठरते. तिथे एटीव्ही आली, की नोंदणी, चालकाचा परवाना (कलम ३) आणि थर्ड पार्टी विमा (कलम १४६) हे तिन्ही लागतात, मग अंतर दहा पावलांचे असले तरी. नोंदणी नसल्यास पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये, परवाना नसल्यास ५,००० रुपये आणि विमा नसल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मला दंडापेक्षा विम्याची काळजी अधिक वाटते. रस्त्यावर कुणाला इजा झाली, तर भरपाईची सगळी रक्कम मालकाला स्वतःच्या मिळकतीतून द्यावी लागेल, आणि एका अपघाताने शेत विकायची पाळी येऊ शकते.

‘मग नोंदणीच करून घेऊ’ असे आपण म्हणाल. परिवहन कार्यालय नोंदणी करते ती केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १२६ खाली पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेने ज्या नमुन्याला मान्यता दिली आहे, त्या वाहनाची. ११० सीसीच्या बहुतेक एटीव्हींना ती मान्यता नसते. पोलारिस कंपनीने स्पोर्ट्समन ५७० हे मॉडेल ट्रॅक्टर म्हणून मान्य करून घेऊन रस्त्यासाठी विकले, पण ती वेगळी वाट आहे आणि आपल्या जुन्या गाडीला ती मोकळी नाही. म्हणून रस्ता ओलांडताना गाडी ट्रॉलीवर चढवून न्यावी, हाच सरळ उपाय होय.

नातवाबाबत मात्र मी स्पष्टच लिहितो. सोळाव्या वर्षी मिळणारी सवलत ५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींपुरती आहे, आणि मोटारसायकल म्हणजे कायद्याने दुचाकी. अल्पवयीन मुलाने सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवून गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९अ प्रमाणे पालक किंवा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड अशी आहे, शिवाय मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण पुरेशी खबरदारी घेतली होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावरच असते. रस्त्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी मोठ्या एटीव्हींवर १६ वर्षांखालील मुलांनी चालवू नये अशी सूचना कंपन्याच लावतात. ही गाडी उंच आणि अरुंद असते, उतारावर किंवा वळणावर सहज उलटते आणि चालकाच्या अंगावर येते. हेल्मेटची सक्ती करणारे कलम १२९ मोटारसायकलींबद्दल असले, तरी शेतातसुद्धा हेल्मेटवाचून कुणालाही त्या गाडीवर बसू देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : एका रिसॉर्टवर एटीव्ही चालवताना गाडी उलटून माझा हात मोडला. ब्रेक नीट लागत नाहीत, हे मी आधीच सांगितले होते. ‘अपघातास संचालक जबाबदार नाहीत’ अशा कागदावर माझी सही घेतलेली आहे. आता भरपाई मागता येईल का?
— एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : मागता येईल. खेळातला स्वाभाविक धोका पत्करणे आणि दुसऱ्याचा निष्काळजीपणा मान्य करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उंचसखल वाटेवर तोल जाणे पहिल्यात येते. तक्रार करूनही नादुरुस्त ब्रेकची गाडी हाती देणे दुसऱ्यात येते, आणि अशा कागदावरच्या सहीने संचालकाची ती जबाबदारी आपोआप संपत नाही. पैसे घेऊन दिलेल्या सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. रिसॉर्ट दुसऱ्या जिल्ह्यात असले तरी आपण राहता त्या इंदुरातच ती दाखल करता येते. मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे. पैसे भरल्याची पावती, सहीच्या कागदाची प्रत, रुग्णालयाची कागदपत्रे आणि ब्रेकची तक्रार ऐकणाऱ्या सोबत्यांची नावे आजच एकत्र करा. संचालकाला लेखी नोटीस पाठवून त्या गाडीच्या देखभालीची नोंदवही जपून ठेवण्यास सांगा, कारण दुरुस्ती झाल्यावर ब्रेकचा पुरावा उरणार नाही.