कोल्हापूरला सासरी पहिल्यांदा जाताना

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

पुण्यात हळू बोलणाऱ्या घरात वाढलीस, तेव्हा पहिला धक्का आवाजाचा बसेल. आत भांडण लागलंय असं वाटेल. बहुतेक वेळा चहा कोणी टाकायचा एवढंच चाललेलं असतं. नणंद 'मी आलो', 'मी जातो' म्हणेल. ती चूक नव्हे, इकडच्या बायकांची बोलीच तशी. 'कवा आलासा?' यातला 'सा' आदराचा. पहिल्याच दिवशी त्याची नक्कल करू नकोस, टिंगल वाटते. काही घरांत सासूला 'आत्या' आणि सासऱ्यांना 'मामा' म्हणतात. मामाची मुलगी करायच्या चालीतून ते आलंय. तुझ्या घरी काय म्हणतात, ते थोरल्या जावेला विचार.

खरी परीक्षा ताटावर. तू शाकाहारी आहेस हे नवऱ्याकरवी आदल्या दिवशीच कळव. ऐन पंगतीत सांगितलंस तर सासूबाईंची धावपळ होईल. पांढरा रस्सा सुपासारखा दिसतो म्हणून फसू नकोस: मटणाच्या आळणी पाण्यातच नारळाचं दूध, काजू, खसखस घालतात. तुझी आमटीही कांदा-लसूण मसाल्याची, झणझणीतच असणार. तिखटाचा जोर वर तरंगणाऱ्या कटात जास्त, कारण ते तेलात उतरतं, पाण्यात नाही. म्हणून पळीने कट बाजूला सारून खालचं घे. तोंड पोळलं तर पाणी ढोसू नकोस, दही किंवा दूध घे.

आणि आग्रह! नुसतं 'नको' म्हटलंस तर तो संकोच समजतात. पहिल्यांदा अर्धीच वाटी घे, म्हणजे दुसऱ्यांदा 'घाला थोडं' म्हणायला जागा राहील. त्यांनाही तेवढंच हवं असतं. वाटी पुरती रिकामी केलीस की भरलीच म्हणून समज. पळी यायच्या आत हात आडवा धर.

जाताना केक नेणार असशील तर बिनअंड्याचा ने. मंगळवार-शुक्रवार अंबाबाईचे, रविवार जोतिबाचा. कुठल्या घरी कोणता वार पाळतात याचा नेम नाही. पेढे बरे.

निघताना ओटी भरतील. खण, नारळ, तांदूळ घ्यायला पदर लागतो, म्हणून ड्रेस घालणार असशील तर मोठी ओढणी जवळ ठेव. 'कशाला एवढं' म्हणून हात मागे घेऊ नकोस. नमस्कार कर आणि 'जाते' नको, 'येते' म्हण.